हाडात अडलेला सांगावा

सगळ्या वस्तीची पोरं एकाच वेळी आजारी असतील, तर त्यांतलं एक पोर वेगळ्याच कारणानं आजारी आहे, हे तुम्ही कशावरून ओळखाल?

हा प्रश्न मी परीक्षेतल्यासारखा विचारत नाही. आमच्या घरानं त्याचं उत्तर एकदा चुकवलं आहे, आणि या उन्हाळ्यात तो पुन्हा आमच्या दारात येऊन उभा आहे.

चैत्र सरत आला. तेरखेड्याकडून येणारा रस्ता दुपारी पांढरा दिसतो, इतका की डोळ्यांवर हात धरावा लागतो. गावात पुन्हा टँकर सुरू झालाय. घरात आढ्याला मायच्या जुन्या लुगड्याची झोळी बांधली आहे, आणि झोळीत आनंद झोपला आहे. माझ्या थोरल्या बहिणीचा, सुजाताचा हा पहिला मुलगा. बाळंतपणाला आली ती अजून इथंच आहे. आनंदला पाचवा महिना लागलाय. गुटगुटीत आहे, मुठी तोंडात घालून स्वतःशीच भांडतो. रोज सकाळी चहाच्या आधी मी झोळीत वाकून त्याच्या कानाचा वास घेते. तेल, पावडर, थोडा आंबूस दुधाचा वास. तेवढाच आला की माझा दिवस सुरू होतो. सुजाताला वाटतं मी त्याचा पापा घेते. किंवा तसं वाटतं असं ती दाखवते.

मला दुसरा एक वास ठाऊक आहे. वाहत्या कानाचा. भिजून वाळलेल्या कापसाचा, त्यात गोडसर असं काहीतरी. ऐंशीनंतरच्या त्या दुष्काळात आमच्या घराला तोच वास होता. तो आणि छापखान्याच्या शाईचा.

शाईचा वास दादांमुळे. वडलांना आम्ही दादा म्हणतो. ते सहकारी साखर कारखान्यात फिटर होते. त्या वर्षी गाळप लवकर आटोपलं. ऊस नाही, असं कारखान्यानं सांगितलं. खरं तर ऊस होता. ज्यांच्या विहिरीवर मोटारी होत्या आणि ज्यांचे मेहुणे संचालक मंडळावर होते, त्यांच्या शेतात तो बांधापर्यंत हिरवागार उभा होता, आणि त्याच बांधाशेजारून आमच्या बाया डोक्यावर रिकाम्या घागरी घेऊन चालत होत्या. सहकार या शब्दाचा पहिला अर्थ मी तिथं शिकले. कारखान्याचा भोंगा बंद झाला तसे दादा घरी बसले, पण बसणारा माणूस नव्हे तो. उस्मानाबादच्या एका छापखान्यात जाऊन ते पत्रकं छापून आणायचे. गुलाबी नाहीतर पिवळा, पातळ, स्वस्तातला कागद. मजुरीबद्दल, विहिरीबद्दल, अंगात येण्याच्या ढोंगाबद्दल. आम्ही भावंडं ओट्यावर बसून पत्रकांच्या घड्या घालायचो. मी वाचायला शिकले ती पत्रकांवर, पुस्तकांवर नव्हे. दादांच्या प्रत्येक पत्रकाच्या माथ्यावर एकच ओळ असायची: जन्मानं कुणी उणं नसतं, उणं केलं जातं.

धाकटा मिलिंद तेव्हा पाचेक वर्षांचा असेल. घडी घालण्यात तो आमच्यात सगळ्यांत पटाईत. कडेला कड लावायची, नखानं दाबायची, जीभ बाहेर काढून. उजव्या कानात कापसाचा बोळा. बोळा ओला झाला की स्वतःच काढायचा, मायकडं धरायचा, नवा घ्यायचा. कुरकुर नाही. त्याला वाटायचं सगळ्यांच्याच कानाला कापूस लागतो, आपल्याला जरा जास्त लागतो.

सहा महिन्यांचा होईपर्यंत तो आनंदसारखाच होता, असं माय सांगते. मग सर्दी, मग छाती, मग कान. बरा व्हायचा, पुन्हा पडायचा. दवाखान्यातल्या सुया व्हायच्या, लाल औषध व्हायचं. आणि मग आला दुष्काळ. दुष्काळ एक फार मोठी चादर आहे. तिच्याखाली सगळं झाकतं. मिलिंद खोकला तर लोक म्हणायचे धूळ लई हाय. मिलिंद वाळला तर म्हणायचे, खायला तरी कुठं हाय. ते खोटंही नव्हतं. सगळीच वाळली होती. माय खडी फोडायला जायची तिथं पोरांना सुकडी मिळायची. मिलिंद आपल्या वाट्यातली निम्मी मला द्यायचा, कारण गिळताना त्याचा घसा दुखायचा. मी खायची. भूक लागलेली असायची.

त्या उन्हाळ्याचा आवाज म्हणजे मैनाआत्याची पितळी थाळी. शेजारची ही पन्नाशीची बाई, आवाज असा की ढोर थबकावं. टँकर गावाच्या मोठ्या विहिरीत पाणी ओतायचा. विहीर गावात, आमची वस्ती ओढ्यापलीकडं. टँकर कधी येईल याचा नेम नव्हता. गावातल्यांना कळायचं, आम्हाला कोण सांगणार? म्हणून मैनाआत्यानं ते काम अंगावर घेतलं. सकाळपासून टेकाडावरच्या लिंबाखाली बसायची, आणि वळणावर धूळ दिसली की पितळी बडवत ओरडत सुटायची. ते ऐकून ओढ्यातली बाई पुढं हाक द्यायची, ती ऐकून आमच्या आळीतली. हातोहात सांगावा यायचा आणि वस्ती घागरी घेऊन धावायची. ड्रायव्हरला मैनाआत्या सोडायची नाही. गाडी हळू आली की विचारायची, "काय रं, टँकर हाय का वरात? नवरदेव कुठं बशीवलाय?" तोही हसून भोंगा वाजवायचा.

एकदा ती लोहाऱ्याला लेकीकडं गेली. जाताना कुणाला काही सांगून गेली नाही, आणि कुणाला तिची जागा घ्यायचं सुचलं नाही. त्या दिवशी आमच्या दारादारांत घागरी घासून मांडलेल्या होत्या. बाया कमरा कसून तयार होत्या. विहिरीत पाणी आलं होतं. सगळं होतं. आणि आम्हाला कळलं तेव्हा विहिरीचा तळ दिसत होता. बाया एकमेकींवर चिडल्या, ओढ्यातली म्हणाली मला हाक आलीच नाही तर मी पुढं काय देऊ. माय घागर पालथी घालून तिच्यावर बसली आणि म्हणाली, पाणी बी होतं अन् आमी बी होतो. एवढंच. हा दिवस मला नंतर फार वर्षांनी उपयोगी पडायचा होता.

विहिरीतलं ते पाणी वाईट होतं. गावची ढोरं तिथंच, कपडे तिथंच. वस्तीतली पोरं एकामागून एक पडू लागली. जुलाब, ताप, डोळे. दादांनी पत्रक काढलं: वस्तीला वेगळी टाकी द्या, पाण्यात औषध टाका. तहसिलीवर मोर्चा ठरला. त्याच आठवड्यात मिलिंदचा ताप उतरेना, श्वास घेताना बरगड्या आत जायला लागल्या, आणि आम्ही त्याला सोलापूरला न्यायचं ठरवलं.

तुळजापूरच्या स्टँडवर गाडी बदलायची होती. देवीला आलेल्यांची गर्दी, हळदीकुंकवाचा वास, ओल्या लुगड्यांचा वास. मिलिंद मायच्या खांद्यावर तापानं जळत होता. एक म्हातारी जवळ आली, त्याच्या कपाळाला हात लावला आणि मायला म्हणाली, इतक्या जवळ आलीयास तर लेकराला देवीच्या पायावर घाल. दादांचं तोंड बघण्यासारखं झालं. माय न हसता म्हणाली, "घातलं असतं आज्जी, पर ह्येचा बाप देवीसंग बोलत न्हाई." म्हातारी खुदकन हसली आणि मिलिंदच्या हातात एक केळ देऊन गेली. दादांनी ते केळ सोलून दिलं. तेवढं त्यांनी देवीकडून घेतलं.

सोलापूरच्या मोठ्या सरकारी दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीण होती. डोळ्यांखाली काळं, आवाज थकलेला. तिनं मिलिंदला आ करायला लावला, बॅटरीनं घशात पाहिलं. पुन्हा पाहिलं. मग त्याच्या जबड्याखाली, काखेत, जांघेत बोटं फिरवत राहिली, हरवलेलं काही शोधावं तशी. दादांना म्हणाली, ह्याच्या घशात टॉन्सिल जवळपास नाहीतच, आणि इतका ताप असून अंगावर गाठ एकही नाही.

दादा म्हणाले, गाठ नाही तर चांगलंच की.

ती म्हणाली, "नाही. शरीर लढायला लागलं की गाठी येतात. इथं कुणी लढतच नाहीये."

रक्त घेतलं. चार-पाच दिवस आम्ही व्हरांड्यात काढले. पाण्याचा डबा धरून बसायचं काम माझं होतं, म्हणून मी सगळं ऐकलं. निकाल आल्यावर ती डॉक्टरीण दादांशी न बोलता आधी मायशी बोलली.

"मावशी, तुम्हाला भाऊ किती?"

"एक बी न्हाई."

"झालेच नाहीत?"

माय फरशीकडं बघत राहिली. मग म्हणाली, "झाले. राहिले न्हाईत."

कशानं गेले, तर छातीनं. एकाचा कान वाहायचा. मला मामा होते हे मला त्या दिवशी कळलं. मायलाही, मला वाटतं, ते एका ओळीत ठेवून कधी दिसले नव्हते. तिच्या माहेरी, तुळजापूरच्या पल्याड, सगळे म्हणायचे की आमच्यात पोरं जगत न्हाईत. जसं एखाद्या रानात ज्वारी येत नाही. त्यावर कुणी प्रश्न विचारत नसतं.

डॉक्टरीण समजावून सांगत होती. आजार जन्मजात आहे. रोगाशी लढणारी प्रथिनं ह्याच्या रक्तात तयारच होत नाहीत. हे आईकडून येतं, आईला काही होत नाही, मुलींना होत नाही, मुलांना होतं, तेही सगळ्या मुलांना नाही.  दादा हळू आवाजात बोलले. एरवी ते सभेत बोलतात तसं नाही.

"डॉक्टर, आमच्या शंभर पिढ्यांना हेच सांगत आले. जन्मजात. तुम्ही शिकलेल्या, तुम्ही तरी दुसरं काही सांगाल असं वाटलं होतं."

"मी तुमची जात नाही हो सांगत. रक्त सांगतेय."

"रक्तच सांगत आले."

  माझ्या बापाला मी आजही त्या वाक्याबद्दल चूक म्हणत नाही. ज्या शब्दानं तुमच्या आजाला पाणवठ्यावरून हाकललं, तो शब्द पांढरा कोट घालून आला तर लगेच ओळखू येत नाही की या वेळी तो खरं बोलतोय. त्या शब्दानं आधी खूप खोटं बोलून ठेवलेलं असतं.

उपाय होता. ज्यांच्या रक्तात ती प्रथिनं आहेत त्यांच्या रक्तातला पिवळा द्रव मिलिंदला द्यायचा. कारखान्यात निरोप गेला आणि दादांचे सोबती एसटीनं आले. बंद कारखान्याचे बेकार कामगार. बॉयलरवरचे रशीदचाचा, आणखी दोघंतिघं. ज्यांचा गट जुळला त्यांनी दिलं. रशीदचाचा हाताला कापूस दाबून मिलिंदच्या खाटेशी आले आणि म्हणाले, "मिलिंदमियाँ, अब ईद का शीरखुर्मा तुम्हारा हक है." मिलिंदला शीरखुर्मा काय ते माहीत नव्हतं. कानाला लागतं का, असं त्यानं विचारलं. बाटलीतलं पाणी दुपारच्या उन्हासारखं पिवळं होतं. थेंब थेंब उतरताना मी पाहिलं. संचालक मंडळाच्या बाहेर, भागभांडवलाच्या बाहेर, सहकार म्हणून जे काही असू शकतं ते मी त्या नळीत पाहिलं.

निघताना डॉक्टरणीनं मायला दोनदा सांगितलं की हे उसनं आहे, महिनाभर पुरेल. संपायच्या आत परत या. दर महिन्याला यावं लागेल.

आता इथं माझ्या घरानं जी चूक केली ती सांगते. आमच्यासारख्या घरातच ती होऊ शकते.

आम्ही गावी परतलो तेव्हा मोर्चा जिंकून झाला होता. वस्तीच्या तोंडाशी सिमेंटची टाकी आली. पाण्यात टीसीएलची पावडर पडू लागली, पाण्याला त्या औषधाचा उग्र वास यायचा आणि बाया नाकं मुरडत पण भरून न्यायच्या. पंधरा दिवसांत पोरं उठली. जुलाब थांबले, डोळे निवळले. आणि मिलिंदचा कानही कोरडा झाला. त्यानं कापूस मागणं सोडलं. पहिल्यांदा तो आळीतल्या पोरांमागं धावला, पडला, गुडघा फोडून हसत आला. दादांनी नवं पत्रक छापलं: आमच्या पोरांत खोट नव्हती, तुमच्या पाण्यात होती. मी ते गावभर वाटलं. माझ्या आयुष्यातली ती सर्वांत आनंदाची दुपार असेल.

त्या पत्रकातलं अक्षर न् अक्षर खरं होतं. एका पोरापुरतं सोडून.

महिना भरत आला तसं माय म्हणायला लागली, सोलापूरला जायला पाहिजे. दादा म्हणाले, "कान कोरडा हाय त्याचा. कशाला जायचं? तुझ्यात खोट हाय, हे पुन्यांदा ऐकायला?" यात त्यांचा मायवरचा जीव होता, हे लक्षात घ्या. तिला कुणी उणं म्हणू नये यासाठी ते भांडत होते. मायनं पिशवी भरून ठेवली, मग रिकामी केली. त्या आठवड्यात भूमला सभा होती.

मृग तोंडावर आला होता. आभाळ नुसतंच तापलं होतं. एके सकाळी मिलिंदनं घडी घालता घालता कागद खाली ठेवला आणि भिंतीला टेकला. त्याच्या कपाळाला हात लावून माय बाहेर आली, तिनं वस्तीकडं पाहिलं. टाकीभोवती पोरं नाचत होती, एकमेकांवर पाणी उडवत होती, मैनाआत्या त्यांना शिव्या देत होती. त्या दिवशी सगळ्या वस्तीत तो एकटाच आजारी होता.

उत्तर हे होतं. बाकीची सगळी बरी होतात तेव्हा ते एक पोर दिसतं. आमच्यापुरतं ते उशिरा दिसलं. सोलापूरला पोचलो, तीच डॉक्टरीण होती, तिनं एका शब्दानंही आम्हाला विचारलं नाही की का आला नाहीत. दोन दिवस ती मिलिंदजवळून हलली नाही. मग ते झालं. परतताना एसटीत मायच्या मांडीवर काहीच नव्हतं आणि तिचे हात तरी मांडी सांभाळल्यासारखेच होते.

पुढं लोक बोलले. हिच्या मायची जगत नव्हती, हिचीही नाही. पोरं खाणारी म्हणाले. आमच्याच वस्तीतले म्हणाले, आमचीच पत्रकं वाचणारे. दादांनी पत्रकं काढणं थांबवलं नाही, पण जन्मजात हा शब्द घरात पुन्हा उच्चारला गेला नाही. मायनंही तोंड मिटलं. सुजाताचं लग्न ठरलं, लोहाऱ्याकडचं स्थळ, मुलगा एसटीत कंडक्टर. बोलणी झाली, सगळं विचारलं गेलं, सगळं सांगितलं गेलं. मिलिंद दुष्काळात गेला, असं सांगितलं.

मी औरंगाबादला विज्ञान शिकते. अलीकडेच एका तासाला आमच्या बाईंनी फळ्यावर एक पेशी काढली आणि म्हणाल्या की ह्या आजाराचं मूळ आता सापडलं आहे. मी वहीत काही लिहिलं नाही. ऐकत राहिले.

हाडांच्या आतल्या मगजात रक्ताच्या पेशी जन्मतात. त्यांतल्या काहींनी मोठं होऊन रोगाशी लढणारी प्रथिनं तयार करायची असतात. ही पेशी एका दमात मोठी होत नाही, टप्प्याटप्प्यानं होते. एका टप्प्यावर तिच्या बाहेरच्या पडद्यावर खूण मिळते की तू नीट घडते आहेस, पुढं चल. पण पडद्यावर खूण मिळून भागत नाही, ती आत पोचावी लागते. ते काम एका विकराचं, म्हणजे एन्झाइमचं. ते पुढच्या प्रथिनाला फॉस्फेटचा एक कण चिकटवून जागं करतं, ते त्याच्या पुढच्याला, असा सांगावा हातोहात पेशीच्या गाभ्यापर्यंत जातो. ते विकर नसेल तर पेशी तिथंच अडते. वाढत नाही, रक्तात उतरत नाही, मरून जाते. बाकी सगळं जागच्या जागी असतं. त्या विकराचा आराखडा एक्स गुणसूत्रावर असतो. मुलीला दोन एक्स, एक बिघडला तरी दुसरा चालवून नेतो. मुलाला एकच.

बाई बोलत होत्या आणि मला दारादारांत घासून मांडलेल्या घागरी दिसत होत्या. मिलिंदच्या हाडांत रोज तो दिवस उगवत होता, मैनाआत्या लोहाऱ्याला गेलेली असण्याचा.

आणखी एक गोष्ट बाईंनी सांगितली. अशी मुलं पहिले काही महिने ठणठणीत असतात, कारण पोटात असताना आईनं नाळेतून आपली प्रथिनं बांधून दिलेली असतात. ती शिदोरी साधारण सहाव्या महिन्यापर्यंत पुरते. म्हणजे माझी माय, जिला वस्तीनं पोरं खाणारी म्हटलं, तिनंच स्वतःच्या रक्तानं त्याला पहिले सहा महिने राखलं होतं. हे मला त्या वेळच्या प्रत्येक तोंडावर जाऊन सांगायचं आहे. अजून सांगायचं आहे.

दादांची ओळ मी तेव्हापासून मनात उलटसुलट करते आहे. ती खोटी नाही. जन्मानं कुणी उणं नसतं, यावर मी आजही मार खायला तयार आहे. पण जन्मानं माणसाला एखादी गरज मिळू शकते. कुणाला चष्म्याची, कुणाला दुसऱ्याच्या रक्तातल्या पिवळ्या पाण्याची. पायरी आणि गरज यांत फरक आहे. ज्यांनी आमच्यावर पायऱ्या लादल्या त्यांनी आम्हाला इतकं भाजलं की गरजेलाही आम्ही हात लावेनासे झालो. मिलिंदला त्यांनीही मारलं, असं मी म्हणते. रागानं म्हणत असेन. पण म्हणते.

आणि तो बिघडलेला एक्स माझ्याकडंही असू शकतो. मायच्या दोन एक्समधला कोणता माझ्याकडं आला ते मला ठाऊक नाही. सुजाताकडं कोणता आला तेही नाही. आनंदकडं? नाणं उडालेलं आहे आणि अजून हवेतच आहे. सहा महिने ज्येष्ठात पुरे होतात.

सुट्टीला आल्या दिवसापासून मी सुजाताच्या मागं होते. रक्त तपासू. ती नाही म्हणून मान हलवायची. एकदा झोळीची दोरी हातात गच्च धरून म्हणाली, "तू शिकलीस, तुला शब्द हायत. मला नांदायचं हाय." तिच्या सासूचं तोंड मला माहीत आहे. सुजाता भित्री नाही, तिनं फक्त मायचं काय झालं ते पाहिलेलं आहे.  सकाळी वास घ्यायचा आणि गप्प बसायचं, असे दिवस चालले. आनंद शिंकला तरी आम्ही दोघी एकमेकींकडं न बघता एकाच वेळी त्याच्याकडं बघायचो.

गेल्या आठवड्यातल्या रविवारी भाऊजी आले, रमेश नाव त्यांचं. लेकाला मांडीवर घेऊन, तिकिटाला भोकं पाडायचा चिमटा त्याच्यापुढं वाजवत बसले होते. मी मनातल्या मनात भाषण जुळवत होते, पत्रकासारखं, मुद्देसूद. तेवढ्यात माय हातातलं सूप खाली ठेवून त्यांच्यासमोर येऊन बसली.

"जावईबापू, माझ्या पाठीवर भाऊ झाले. महादू, किसन अन् धाकटा भीमा. तिघं बी ह्याच्यासारखे गुटगुटीत होते, अन् तिघं बी गेले. मग माझा मिलिंद. तो दुष्काळानं गेला न्हाई. सुजीला आमीच बोलू दिलं न्हाई. राग धरायचा तर माझ्यावर धरा, पर पोराचं रक्त आदी बघा."

चिमटा थांबला. त्यांनी सुजाताकडं पाहिलं.

"मला का सांगितलं न्हाई?"

"सांगितलं असतं तर नेलं असतं का मला?"

भाऊजींनी चिमटा खिशात घातला. "म्हाईत न्हाई," म्हणाले. मला ते उत्तर आवडलं. दुसरं कुठलंही खोटं असतं. मग त्यांनी आनंदचा दंड बोटांत धरून पाहिला, किती बारीक आहे ते, आणि विचारलं, सुई लई मोठी असती का?

दादा उंबऱ्यावर पेपर धरून बसले होते. इतका वेळ पान उलटलं नव्हतं. ते उठले, खुंटीवरची पिशवी काढली, तिच्यात बाळाची दुपटी भरायला लागले. भरता भरता कुणाकडंच न बघता म्हणाले, "त्या पत्रकात एक ओळ ऱ्हायली." कुठल्या पत्रकात, ते कुणी विचारलं नाही.

सोलापूरला रक्त दिलं. त्या पेशी मोजायची सोय तिथं नाही, बाटली मुंबईला गेली. पेशी असतील तर आनंद आमच्यासारखा. नसतील तर त्याला आयुष्यभर दर महिन्याला हजारो अनोळखी माणसांच्या रक्तातून काढलेलं औषध लागेल, आणि ते मिळालं तर तो जगेल, शाळेत जाईल, गुडघे फोडून घेईल. भाऊजींनी आपल्या आईला सांगितलं. तिचा उलटा निरोप आला, निकाल येईस्तोवर सुजाताला तिकडंच राहू द्या. यातून काय समजायचं ते आम्हाला समजत नाही. पोस्टमन गल्लीत वळला की सुजाता घरात जाते आणि मी बाहेर येते.

निकाल काहीही येवो, तुमच्याकडं माझं एक मागणं आहे. तुमच्या घरात, शेजारात, वस्तीत एखादा मुलगा सारखा कानानं, छातीनं पडत असेल, बरा होऊन पुन्हा पडत असेल, तर त्याच्या आईच्या माहेरची जी सगळ्यांत म्हातारी बाई हयात असेल तिच्याकडं आजच जा. लहानपणी गेलेल्या मुलांची नावं विचारा, कशानं गेले ते विचारा, आणि ते सगळं मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांच्या कानावर घाला. दोष कुणाचा, हे मात्र विचारू नका. आणि विचारताना उभ्यानं विचारू नका, तिच्याजवळ खाली बसा. ती हे पहिल्यांदाच कुणाला तरी सांगत असेल.